राष्ट्राध्यक्ष न बसलेली गाडी

सोमवार, ६ जानेवारी १९९७

दादाची मर्सिडीज भारतात उतरली एप्रिल १९६१मध्ये, मुंबई बंदरात. दुजोरा – विठ्ठल कर्णिक, ही गाडी मुळात ज्यांची होती त्या चाणक्यपुरीतल्या दूतावासाच्या वाहन विभागातले निवृत्त मुख्य कारकून. आज दुपारी, फोनवर. "अहो, मीच सोडवून आणली ती. महिनाभर कस्टमवाल्यांच्या दारात बसलो होतो. एकसष्ट म्हणजे एकसष्ट. त्याच वर्षी माझं लग्न झालं, चुकेन कसा?"

म्हणजे १९५९च्या थंडीत पालम विमानतळापासून त्या गाडीत कुणी परदेशी राष्ट्राध्यक्ष बसले असणं शक्य नाही. गाडी तेव्हा या देशातच नव्हती.

आणि ते बसले होते असं छापलेलं आहे. माझ्या नावानिशी. नोव्हेंबर १९८२, रविवार पुरवणी, पान तीन, एशियाडची धामधूम. कात्रण काढून पुन्हा वाचलं. 'असं समजतं' एवढेसुद्धा शब्द नाहीत! सरळ – बसले होते. आणि वर आणखी – डाव्या खिडकीशी.

पस्तीस वर्षं हाताखालच्या वार्ताहर पोरांच्या बातम्या हातात घेऊन एकच विचारतोय – दुसरं कोण म्हणतं? घाण वाटली. चहा तसाच गार झाला.

मंगळवार, ७ जानेवारी

आज सगळं क्रमाने लिहितो.

दादा – माझा थोरला भाऊ, सूर्यकांत – फरीदाबादचं घर महिनाअखेर सोडतोय. गॅस्केटचा – इंजिनाच्या सांध्यांत बसवायच्या पट्ट्यांचा – कारखाना गेल्या वर्षी बंद केला. ज्यांना माल द्यायचा त्यांना आता तो बाहेरून येतो, स्वस्त, डबा उघडला की बसवायचा. घर विकलं. तो आणि अलकावहिनी मुलाकडे, गुडगावला जाणार. सुधन्वाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. सोसायटीला इंग्लंडमधल्या कुठल्याशा बागेचं नाव आणि खाली गाडीला जागा पंधरा फूट. मर्सिडीज साडेपंधरा. दादाने स्वतः जाऊन टेप लावली, दोनदा. "सहा इंचांनी नापास," म्हणाला.

गाडी सत्तावन्न सालची. त्याने घेतली एकाहत्तरमध्ये. दूतावासवाल्यांच्या जुन्या गाड्या तेव्हा सरकारी महामंडळाकडे जमा व्हायच्या आणि तिथून बोली लावून विकल्या जायच्या. परदेशी गाडी मिळायची ती अशीच – कुणाची तरी उतरलेली. वहिनींचे दागिने आणि स्कूटर विकून घेतली. सुटे भाग मिळायचे नाहीत. हेड गॅस्केट तो तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापायचा. सव्वीस वर्षं तेच इंजिन, सहा सिलिंडर, एकही दिवस बाहेर काढलेलं नाही.

गिऱ्हाईक सुधन्वाने आणलंय. गहलोत, गुडगावचा बिल्डर. परवापरवापर्यंत मोहरीची शेतं होती, आता टॉवर. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरायचं आहे त्याला. नऊ लाख म्हणतो! का? तर माझं कात्रण. सुधन्वाने ते लॅमिनेट करून, इंग्रजी भाषांतर जोडून त्याच्यापुढे ठेवलं. गहलोतने फक्त एक कागद जादा मागितला – मूळ लेखकाने लिहून द्यायचं की ही हकीकत मी स्वतः पडताळली आहे.

म्हणून मी कर्णिकांना फोन केला. चौदा वर्षांनी. पडताळायला!

गुरुवार, ९ जानेवारी

फरीदाबाद. गहलोतचा माणूस आला होता – बत्रा, गाड्यांची किंमत ठरवणारा. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत गेला. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी. चार ठिकाणी चिकटलं नाही. दादाने ती चारही ठिकाणं आधीच बोट ठेवून दाखवली होती. बत्राने तरी सगळी गाडी चाचपलीच, बाजारात म्हैस चाचपतात तशी. दातसुद्धा बघेल असं वाटलं.

मग दादा म्हणाला, "स्टार्ट करके सुनाता हूँ." सकाळपासून वाट बघत होता त्या क्षणाची. धुतलेला शर्ट घातला होता.

"ज़रूरत नहीं सर. नंबर दिखाइए."

ब्लॉकवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे उमटले. आरसी बुकाशी ताडून पाहिले, तोच. एवढंच! इंजिन कसं आहे हे ऐकायलासुद्धा थांबला नाही. दादा किल्ली हातात धरून उभा.

जाताना बत्रा मला बाजूला घेऊन म्हणाला, "देखिए, इस गाड़ी की दो टाँगें हैं. एक इंजन का नंबर, दूसरा आपका प्रेसिडेंट. दोनों हैं तो नौ लाख. एक भी गई तो गहलोत साहब की तरफ़ से ना समझिए."

"आणि इंजिनाची हालत?" मी मराठीतच बोलून गेलो. मग हिंदीत विचारलं.

"हालत का क्या है जी. साल में एक दिन तो चलनी है."

तांब्याचं गॅस्केट, सव्वीस वर्षांचे रविवार – किंमत शून्य. कधीच न बसलेला माणूस – नऊ लाख. बत्राने हात पुढे केला. मिळवला मी. घरी येऊन साबणाने धुतला.

शनिवार, ११ जानेवारी

राष्ट्राध्यक्ष वगळले तर गाडीला गिऱ्हाईक एकच. बल्लभगडचा बँडवाला. लग्नात नवरदेवासाठी पाहिजे. दीड लाख रोख, अट एक – पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकायचं. निरोप रशीद उस्तादने आणला. रशीद म्हणजे दादाचा मेकॅनिक, त्याच्याइतकाच म्हातारा. दादाव्यतिरिक्त त्या बॉनेटखाली हात घातलेला एकमेव माणूस.

रशीद: "पाँच का एवरेज है साहब. बारात में पैदल की चाल चलेगी, घंटे भर में उबल जाएगी. टेम्पो का डीज़ल डालो. वो भी तो मर्सिडीज के लायसन पे ही बना है. ख़ून वही है."

दादा: "रशीद, तुम भी?"

"मैं बैंडवाले की बोल रहा हूँ. मेरी पूछो तो मैं तो इसको वुज़ू करके हाथ लगाता हूँ."

सुधन्वा: "बाबा, मग जपानी टाका ना. बिल्कुल सायलेंट असतं."

"सहाच्या जागी चार सिलिंडर. पुढे हातभर जागा रिकामी राहील. तिथे तू बस. सायलेंट."

वहिनी आतून: "नको हो, ती जागा मला द्या. लोणच्याच्या बरण्या गुडगावला ठेवू तरी कुठे!"

सगळे हसले. दादाही. मग तो तासभर बोलत राहिला – डिझेल जड, पुढचा एक्सल खचेल, थरथरून काचेची रबरं सुटतील, गिअर बॉक्स वर्षात जाईल. सगळं खरं असणार. कुणी ऐकत नव्हतं. सुधन्वाने मोबाइल काढला होता, तो विटेएवढा. मिनिटाला सोळा रुपये, तरी बोलतो.

येताना सुधन्वा मला म्हणाला, "काका, तुम्ही यार फक्त एक लेटर द्या. मग हा डिझेलचा टॉपिकच संपला."

तेच तर! खोटं लिहिलं तर गाडी शाबूत. खरं बोललो तर तिचं पोट फाडणार.

रविवार, १२ जानेवारी

विचारलं शेवटी. गॅरेजमध्ये, जेवणानंतर. दादा प्लग पुसत होता.

"दादा, ते राष्ट्राध्यक्षांचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच." प्लग उजेडात धरून बघितला त्याने. "शनिवारी आला होतास तू. पुरवणीत जागा रिकामी, सहाशे शब्द पाहिजेत, संध्याकाळपर्यंत, म्हणून डोकं धरून बसला होतास. मी म्हटलं, गाडीवर लिही. तू म्हणालास, गाडीत काय आहे लिहिण्यासारखं? मला आला राग. म्हटलं, हिच्यात राष्ट्राध्यक्ष बसलेत."

"आणि नंतर बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तू विचारशील. मंत्र्यासंत्र्याला विचारतोस. तू वही काढलीस आणि लिहूनच घेतलंस. रविवारी छापून आलं. अलकाने शेजारच्या मद्राशांना हिंदीत वाचून दाखवलं. मग काय सांगू?"

आठवलं सगळं. टेलिप्रिंटरवर मजकूर पाठवायची वेळ साडेपाचची. दादाकडे दुजोरा मागणं म्हणजे घरी जेवून बिल मागितल्यासारखं झालं असतं. म्हणून मी विचारलं नाही. इतकं साधं.

"ते पत्र देऊ नकोस," तो म्हणाला.

"मग डिझेल बसेल."

त्याने प्लग जागच्या जागी फिरवून घट्ट केला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात पंजाब्यांची कालच्या लोहरीची रेवडी उरलेली, तीच तिळगूळ म्हणून खाल्ली. वहिनींचा फोन.

"भावोजी, मला तुमच्या छापलेल्यातलं खरंखोटं काही कळत नाही. एवढंच सांगते, रविवारपासून गॅरेजला कुलूप आहे. डिझेल बसवलं ना, तर हा माणूस गुडगावला आमच्या बाकीच्या सामानाबरोबर येईल – सामान म्हणून. मग मी काय करू सातव्या मजल्यावर?"

गोड बोला म्हणायचं राहिलं. दोघांचंही.

शुक्रवार, १७ जानेवारी

सुधन्वा ऑफिसात आला. टाय, अत्तर, हातात पत्र – कॉम्प्युटरवर काढलेलं, जाड कागद. इंग्रजी, तीन ओळी. 'मी खाली सही करणार, ज्येष्ठ पत्रकार, स्वतंत्रपणे पडताळून...' स्वतंत्रपणे!

मी त्याला कर्णिकांचं सांगितलं. त्याने खांदे उडवले.

"काका, इट्स जस्ट अ स्टोरी. कुणाचं नुकसान होतंय?"

"गहलोतचं."

"त्याचं?" खरंच हसू आलं त्याला. "अहो, तो नऊ लाखांत राष्ट्राध्यक्ष घेतोय. गाडी तर फ्री आहे."

शिसारी आली. त्याची नव्हे. वाक्य उत्तम होतं आणि बरोबर होतं, त्याची. माझ्या हाताखालचा वार्ताहर असता तर पहिल्या पानावर चौकटीत टाकलं असतं.

"आणि बाबांचं बघा ना," म्हणाला. या वेळी टायवाला नव्हता बोलत. "ते... काय म्हणतात त्याला... कोमेजणं? तसं झालंय त्यांचं. मला नाही बघवत, काका. तुम्हाला बघवतं?"

शब्द शोधून आणला होता पोराने. पत्र टेबलावर ठेवून गेला.

शनिवार, १८ जानेवारी

तीन बातम्या पाठवल्या. तिन्हींना दोन-दोन ठिकाणांहून दुजोरा. चौथा कागद तसाच पेपरवेटखाली.

रविवार, १९ जानेवारी

सही केली. दुपारी सव्वाचार.

कारण आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला ते सोयीने बदलता येणार नाही.

सकाळी फरीदाबादला गेलो होतो. धुकं एवढं की मथुरा रोडवर बस रांगत होती. दादा पुस्तकं खोक्यात भरत होता. गॅरेजला अजून कुलूपच. मी म्हटलं, निदान चालू तरी करून ठेव, थंडीत बॅटरी बसेल.

"बसू दे."

सव्वीस वर्षांत त्या गाडीच्या बाबतीत 'असू दे, बसू दे, राहू दे' असलं काही त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणीबाणीत पेट्रोलला पैसे नव्हते तेव्हासुद्धा रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालवायचा. शेजारी हसायचे.

जेवायला बसलो. त्याने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे.

तिथून थेट गुडगावला गेलो, पत्र कालपासून बॅगेत होतं. सुधन्वाच्या नव्या जेवणाच्या टेबलावर, काचेवर, सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, 'र'ला तोच फर्राटा. हे सगळ्यात किळसवाणं. वाटलं होतं, खोट्याची सही जरा तरी वेगळी येईल.

"थँक यू, काका," सुधन्वा म्हणाला आणि वाकून पाया पडला. पाय मागे घ्यावासा वाटला. घेतला नाही.

चौदा वर्षांपूर्वीची चूक घाईतली होती. ही फुरसतीत केली.

सोमवार, २० जानेवारी

झोप लागली. भूकही लागली. याचीच चीड येते.

बुधवार, २२ जानेवारी

सुधन्वाचा फोन. बत्राने पत्र स्वीकारलं. गहलोत शनिवारी, पंचवीसला, गाडी उचलणार. पितळेची पाटीसुद्धा कोरायला टाकलीय त्याने. डॅशबोर्डवर लावायची. त्यावर राष्ट्राध्यक्ष, साल आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव.

"बाबांना सांगितलं मी! काकांनी साइन केलं म्हणून."

"काय म्हणाला?"

"रशीदला बोलवून घे म्हणाले, उद्या सकाळीच. आणि वॉचमनकडून साखळी-पुली मागून आणवली."

देण्याआधी एकदा सगळं खोलून, साफ करून, ट्यून करणार असेल. त्याचा स्वभावच तो. परक्याच्या दारात जायची तरी नीट जायला हवी. कुलूप उघडलं हे ऐकून या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. खोट्यातून का होईना, एवढं तरी निघालं.

शुक्रवार, २४ जानेवारी

काल दादाने इंजिन उतरवलं. वहिनी आत्ता फोनवर सांगत होत्या. सकाळी नऊला दोघे भिडले, तीनपर्यंत. इंजिन साखळीला लटकत होतं तेव्हा दादाने छिन्नी-हातोडा मागितला आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः ठोकून काढला. एकही आकडा ठेवला नाही. रशीद ओट्यावर बसून रडला. दादाने हात धुतले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बत्रा सकाळी येऊन, वाकून बघून गेला. गहलोतला गाडी नको. माझं पत्रही नको – दोन टांगांपैकी खरी होती तीच दादाने तोडली, आता खोटीला कोण विचारतो. ते परत आलंय – पाकीट बंद, वर दादाच्या अक्षरात फक्त माझं नाव.

टेम्पोचं डिझेल मायापुरीच्या भंगार बाजारातून निघालं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत बसेल. रविवारी सकाळी दादा स्वतः गाडी चालवत बल्लभगडला, बँडवाल्याच्या दारी, पोहोचवणार आहे. शेजारी मी बसायचं, असा निरोप आहे.